रेडिओवरची जोनी मिचेल : गाण्यातली ‘मी’ कुणाची?

आपल्यापैकी बऱ्याच जणांना जोनी मिचेलचं ‘बोथ साइड्स नाऊ’ हे गाणं ‘लव्ह अ‍ॅक्च्युअली’ या २००३ च्या सिनेमामुळे माहीत असतं. नाताळची रात्र, एमा थॉम्पसन एकटी बेडरूममध्ये उभी, नवऱ्याने दागिना आपल्यासाठी घेतलेला नव्हता हे तिला नुकतंच कळलंय, आणि मागे एक जड, खरखरीत, सिगारेटींनी खाली उतरलेला आवाज. तो आवाज २००० सालचा. जोनी तेव्हा छप्पन्न वर्षांची होती, मागे व्हिन्स मेंडोझाने बांधलेला भलामोठा वाद्यवृंद होता. ऐकणारा म्हणतो, वा, आयुष्य बघितलेली बाई गातेय.

आज त्या आवाजाबद्दल बोलायचं नाही, निदान आधी तरी नाही. मला त्याच्या तेहेतीस वर्षं मागे जायचंय. मार्च १९६७, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर, डब्ल्यूएचएटी-एफएम नावाचं रेडिओ केंद्र आणि जीन शे नावाच्या निवेदकाचा ‘फोकलोर’ हा कार्यक्रम. तेवीस वर्षांची एक मुलगी गिटार घेऊन स्टुडिओत आली आहे. तिची एकही रेकॉर्ड अजून निघालेली नाही. आणि ती एक नवंकोरं गाणं गाते.

(ध्वनिफीत ऐकवली जाते.)

तेच गाणं. एक आवाज, एक गिटार, बस. आवाज उंच, स्वच्छ, आणि चाल तुम्हाला सिनेमातून माहीत आहे त्यापेक्षा कितीतरी चपळ.

हे मुद्रण आता सहज मिळतं. ऑक्टोबर २०२० मध्ये जोनीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा पहिला संच निघाला, १९६३ ते १९६७ या काळातला. पाच सीडी. त्यात तिची स्वतःची अशी २९ गाणी आहेत की जी तिच्या आवाजात त्याआधी कधी प्रसिद्धच झाली नव्हती. पुढे त्याला ऐतिहासिक संकलनासाठीचं ग्रॅमीही मिळालं. जीन शे मात्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोविडने गेला होता. फिलाडेल्फियाचा लोकसंगीत महोत्सव १९६२ मध्ये ज्यांनी सुरू केला त्यांतला तो एक. नव्या गाणाऱ्यांना रेडिओवर बोलवायचं, निवांत गाऊ द्यायचं, मध्ये दोन प्रश्न विचारायचे, असा त्याचा खाक्या. अशी माणसं रेडिओवर होती म्हणून आज हे ऐकायला मिळतंय.

हा संच आल्यावर त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते साधारण दोन प्रकारचं होतं. एक : बघा, सगळं बीज इथेच होतं. दोन : बघा, किती कच्ची होती, पुढे कुठल्या कुठे गेली. दोन्ही प्रकारांत आपण मागे वळून, पुढचं माहीत असल्याच्या जोरावर ऐकतो. बाळाच्या पाळण्यातले पाय बघायचे, पण पाळणा हलवून झाल्यावर पन्नास वर्षांनी. मला यात फारसा रस नाही. मला या फितींतून एक वेगळा प्रश्न पडला, तो असा : गाण्यातली ‘मी’ कुणाची असते, आणि ती म्हणायला किती वय लागतं?

त्यासाठी आणखी चार वर्षं मागे जावं लागेल. कॅनडातलं सॅस्काटून. प्रेअरीचा, म्हणजे सपाट गवताळ मुलखाचा प्रदेश, जिथे हिवाळा सहा सहा महिने उठत नाही. तिथल्या सीएफक्यूसी या रेडिओ केंद्रावरच्या एका तरुण निवेदकाने १९६३ च्या सुमारास जोनीचं गाणं फितीवर घेतलं. ती तेव्हा जोनी अँडरसन होती, एकोणीस वर्षांची. हातात गिटार नाही, बॅरिटोन युकुलेली, म्हणजे चार तारांचं छोटं वाद्य. नऊ गाणी. एकही तिचं स्वतःचं नाही.

कुठली गाणी गाते ती? ‘हाऊस ऑफ द रायझिंग सन’ : न्यू ऑर्लिन्समधलं ते बदनाम घर, ज्याने कित्येकांचा नाश केला आणि ज्यात सांगणाऱ्याचाही झाला. ‘जॉन हार्डी’ : खून करून फासावर गेलेला माणूस. ‘डार्क अ‍ॅज अ डन्जन’ : कोळशाच्या खाणीत आयुष्य काढलेला खाणकामगार तरुणांना सांगतोय की इकडे येऊ नका. ‘कॉपर केटल’ : चोरून दारू गाळण्याची कृती.

आता मला सांगा, सॅस्काटूनमधल्या किराणा दुकानाच्या मॅनेजरच्या मुलीला यातलं काय माहीत होतं? ती खाणीत उतरली होती? दारूची भट्टी लावली होती? त्या बदनाम घराचं तर नावच सोडा. पण त्या काळात एकाही ऐकणाऱ्याने तिला हे विचारलं नसतं. जोन बाएझनेही हीच गाणी विशीच्या आत गायली होती, डिलनने एकविसाव्या वर्षाच्या आत. लोकगीत म्हटलं की हा परवाना आपोआप मिळतो. गाण्यातली ‘मी’ ही गाणाऱ्याची खाजगी मालमत्ता नसते, ती वापरायला घेतलेली असते. आवाज खरा असला म्हणजे झालं.

आपल्याकडे हे समजावून सांगायची गरजच नाही. जात्यावरच्या ओव्या घ्या. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून ज्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या ‘मी’ला सासर आहे, माहेर आहे, भाऊ आहे, लेक आहे. पण दहा-बारा वर्षांची पोर आईबरोबर जात्याला हात लावते तेव्हा तीही त्याच ओव्या गाते. तिला अजून सासर नाही, लेक तर नाहीच. कुणी तिला म्हणत नाही, तुला गं काय कळतंय सासुरवास! उलट, ती गाता गाता शिकते की पुढे काय वाढून ठेवलंय. ‘मी’ आधी मिळते, अनुभव मागून येतो.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. ज्यांना आपण निनावी लोकगीतं समजतो त्यातली सगळी निनावी नव्हती. ‘डार्क अ‍ॅज अ डन्जन’ मर्ल ट्रॅव्हिस नावाच्या गायकाने १९४६ मध्ये लिहिलं. ते लोकगीतासारखं गायलं गेलं, त्यामुळे लोकगीत झालं. म्हणजे कर्ता माहीत आहे की नाही यावर हे ठरत नाही. ‘मी’ दुसऱ्याला घालता येते की नाही यावर ठरतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चार वर्षांत बरंच काही झालं. ती टोरोंटोला आली, कॉफीहाउसमधून गाऊ लागली, १९६५ च्या जूनमध्ये चक मिचेल नावाच्या गायकाशी लग्न झालं, दोघं डेट्रॉइटला राहिली. लहानपणी, नवव्या वर्षी, तिला पोलिओ झाला होता. डाव्या हातात जोर कमी. गिटारवर नेहमीच्या पद्धतीने बोटं ताणून स्वर धरणं जड जायचं. तेव्हा तिने काय केलं, तर गिटारच वेगळी लावायला सुरुवात केली. एरिक अँडरसन या गायकाने तिला एक ‘मोकळी’ लावणी दाखवली, म्हणजे बोट न ठेवता नुसत्या तारा छेडल्या तरी पूर्ण स्वरमेळ वाजतो अशी. तिथून पुढे ती स्वतःच्या लावण्या शोधत गेली, अशा पन्नासच्या वर झाल्या म्हणतात.

याचा रेडिओवर एक परिणाम होतो. प्रत्येक गाण्याआधी तारा वर-खाली कराव्या लागतात, त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ बोलून भरावा लागतो. रेकॉर्डमध्ये ही बडबड कापलेली असते. रेडिओवर ती आहे. ती हसते, अडखळते, गाणं कुठून आलं ते सांगते. गाणं गंभीर आणि बोलणं अगदी पोरकट-हलकं, असं दोन्ही एकाच फितीवर ऐकू येतं. माझ्या मते या मुद्रणांची अर्धी किंमत या बोलण्यात आहे.

१९६६-६७ च्या या गाण्यांत सगळंच चांगलं आहे असं नाही. काही गाणी विशेषणांच्या दागिन्यांनी वाकलेली आहेत. पाऊस, रंग, परीकथा, झगमगाट. ‘ईस्टर्न रेन’ हे गाणं तिने पुढे सोडून दिलं, ते इंग्लंडच्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शनने १९६९ च्या रेकॉर्डवर आणलं आणि खरं सांगू का, त्यांच्याकडे ते जास्त शोभलं. या काळात ती शब्दांच्या प्रेमात आहे आणि शब्द तिचा फायदा घेतात.

पण तीन गाणी वेगळी आहेत. ‘अर्ज फॉर गोइंग’, ‘द सर्कल गेम’ आणि ‘बोथ साइड्स नाऊ’. आणि गंमत अशी की मार्च १९६८ मध्ये तिची पहिली रेकॉर्ड आली तेव्हा या तिन्हींपैकी एकही त्यात नव्हतं. दुसऱ्या गायकांनी ही गाणी आधीच गाऊन टाकली होती, आणि तिला नवी द्यायची होती. त्यामुळे नुसत्या रेकॉर्डींच्या क्रमाने जो जोनी मिचेल ऐकतो त्याला या गाण्यांचा जन्म ऐकूच येत नाही. ‘बोथ साइड्स’ १९६९ च्या रेकॉर्डवर, ‘सर्कल गेम’ १९७० च्या, आणि ‘अर्ज फॉर गोइंग’ थेट १९७२ मध्ये, तेही एका छोट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला कुठलं गाणं होतं माहीत आहे? ‘यू टर्न मी ऑन, आय अ‍ॅम अ रेडिओ’. रेडिओवर चालावं म्हणून थोडं चेष्टेने लिहिलेलं. आणि जे गाणं रेडिओवर खरोखर जगलं होतं ते त्याच्या पाठीमागे.

‘अर्ज फॉर गोइंग’ हे सॅस्काटूनच्या हिवाळ्याचं गाणं आहे. थंडी पडते, पक्षी निघून जातात, सोबतचा माणूस निघून जातो, आणि सांगणारीलाही जावंसं वाटतं पण ती काही जात नाही. टॉम रश हा गायक हे गाणं आधीपासून गात होता, आणि जॉर्ज हॅमिल्टन चौथा या कंट्री गायकाचं तर ते १९६७ मध्ये चाललेलं गाणं होतं. पुरुष गाताना फक्त इतकंच झालं की निघून जाणारा ‘तो’ न राहता ‘ती’ झाली. बाकी काही हलवावं लागलं नाही. मघाशी म्हटलं ना, ‘मी’ दुसऱ्याला घालता येते का? येते. बाहीसुद्धा आखडावी लागत नाही.

‘सर्कल गेम’ची कथा अशी : नील यंग या तिच्या कॅनडावासी मित्राने एकोणिसाव्या वाढदिवसाला ‘शुगर माउंटन’ लिहिलं, आता आपलं पोरवय संपलं या दुःखात. एकोणिसाव्या वर्षी! जोनी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिने त्याला उत्तर म्हणून एका मुलाच्या वाढण्याचं गाणं लिहिलं, लहानपणापासून विशीपर्यंत, ऋतू फिरत राहतात असं. स्वतःचं वय बाविसच्या आसपास. विशीतल्या मुलीने विशीतल्या मुलाची समजूत काढली, आणि गाणं असं झालं की आज नातवंडांच्या शाळेत आजी-आजोबा डोळे पुसतात.

आता ‘बोथ साइड्स’. शेच्या कार्यक्रमात गाण्याआधी ती सांगते की ती एक पुस्तक वाचतेय, अजून संपलेलं नाही. सॉल बेलोची ‘हेंडरसन द रेन किंग’ ही १९५९ ची कादंबरी. त्यातला नायक विमानाने आफ्रिकेला चाललाय, आणि त्याच्या मनात असा विचार येतो की ज्या काळात माणसाला ढग खालूनही बघता येतात आणि वरूनही, त्या काळात माणसाने मरणाला भिऊ नये. यावरून मला कल्पना सुचली, असं ती सांगते. प्रत्येक गोष्टीला बऱ्याच बाजू असतात, असंही म्हणते. आणि तारा लावून झाल्या की गायला लागते.

हे बोलणं आणि गाणं शेजारी शेजारी ठेवून ऐका. बेलोच्या विचारात एक दिलासा आहे : दोन्ही बाजू बघितल्या, आता भीती नको. जोनीने ढग घेतले, दोन बाजू घेतल्या, आणि मरण आणि दिलासा दोन्ही विमानातच ठेवले. तिच्या गाण्यात तीन कडवी आहेत. पहिल्यात ढग : लहानपणी त्यांच्यात नाना आकार दिसायचे, आता ते फक्त ऊन अडवतात, पाऊस-बर्फ पाडतात. दुसऱ्यात प्रेम : आधी जत्रेतल्या पाळण्यासारखं, मग नुसता देखावा. तिसऱ्यात आयुष्य. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी निष्कर्ष एकच : दोन्हीकडून पाहिलं, तरी हाती राहिला तो भासच, मूळ वस्तू काही कळलेली नाही. बेलोचा माणूस दोन बाजू बघून निश्चिंत होतो. जोनी दोन बाजू बघून अडाणी होते. अर्धवट वाचलेल्या पुस्तकातून एवढा उलटा अर्थ काढणं याला मी तरी चांगलं वाचन म्हणेन.

आणि लक्षात घ्या, गाणं म्हणत काय आहे. ‘मी आयुष्य पाहिलंय, मला कळलंय’ असं ते म्हणत नाही. ते म्हणतं, पाहिलं आणि कळलं नाही. याला किती अनुभव लागतो? वरवर पाहता खूप. पण नीट पाहिलं तर हा अनुभवाचा दावाच नाही. अनुभवाने काय मिळत नाही याचा तो हिशोब आहे. तेवीस वर्षांच्या मुलीच्या चपळ चालीत हा हिशोब ऐकताना दुःखापेक्षा आश्चर्य जास्त ऐकू येतं : अरेच्चा, हे असं आहे तर! २००० च्या आवाजात तेच वाक्य शोकासारखं ऐकू येतं. दोन्ही वाचनं गाण्यात बसतात. पण आपण दुसऱ्याला ‘खरं’ म्हणतो आणि पहिल्याला ‘आगाऊ’.

हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे. जोनीनेच पुढे सांगितलंय की तिच्या नवऱ्याने गाण्याची टिंगल केली : पुस्तकसुद्धा पुरतं वाचलं नाहीस, आणि आयुष्याबद्दल काय लिहितेस? साहित्याची पदवी त्याच्याकडे होती. आणि गंमत अशी की काही वर्षांनी जोनी स्वतःच त्या बाजूला गेली. मेबल मर्सर ही क्लबांमधून गाणारी वयस्क, फार मानाची गायिका. तिने ‘बोथ साइड्स’ गायलं, ते ऐकून जोनी रंगमंचामागे गेली आणि कौतुकाने म्हणाली की हे गाणं पोहोचवायला म्हातारी बाईच लागते. मर्सरबाईंना ‘म्हातारी’ शब्द झोंबला. किस्सा जोनीचाच आहे, ती हसून सांगते.

मी इथे जोनीच्या विरुद्ध बोलतोय. कर्तीने स्वतःच्या गाण्याबद्दल म्हटलं म्हणून ते मान्य करायलाच पाहिजे असं नाही. आपल्या मराठी समीक्षेत तर ‘अनुभवाची अस्सलता’ या शब्दावर पिढ्या गेल्या आहेत. त्यातून फार चांगली कामं झाली, ज्यांना कधी बोलू दिलं नव्हतं त्यांचं बोलणं साहित्यात आलं, ते मी विसरत नाही. पण त्याच शब्दाचा कधी कधी पावतीसारखा उपयोग होतो : अनुभवाची पावती दाखवा, मग पुढे सरका. ज्ञानेश्वरीला आपण ही पावती कधी मागितली नाही. परंपरेने धरलेल्या जन्मसालाप्रमाणे तो ग्रंथ सांगणारा पंधरा वर्षांचा होता. मुलीने गिटारवर तीन कडवी गायली की मात्र लगेच वय विचारायचं.

आता तुम्ही म्हणाल, आणि आजकाल म्हणतातच, की अहो, तिच्याकडे पावती होती. फेब्रुवारी १९६५ मध्ये तिला मुलगी झाली होती, एकटी, पैसा नाही, आणि तिला ती दत्तक द्यावी लागली. पोलिओ होऊन गेलेला. १९६७ च्या सुरुवातीला संसारही मोडत होता. तेवीस वर्षांत इतकं सोसलेलं, मग का नाही लिहिणार? हा बचाव सहानुभूतीने केलेला असतो, पण मला तो पहिल्या आक्षेपाइतकाच चुकीचा वाटतो. त्याने पावतीची मागणी मान्यच केली, फक्त खिशातून काढून दाखवली. आणि ज्या रविवारी रेडिओवर फिलाडेल्फियातल्या माणसांनी हे गाणं ऐकलं त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं. मुलीची गोष्ट जगाला कळली ती थेट १९९० च्या दशकात, मायलेकींची भेट झाली १९९७ मध्ये. तीस वर्षं हे गाणं पावतीशिवाय उभं होतं. त्या काळात ते जूडी कॉलिन्सने गायलं, १९६८ मध्ये अमेरिकेच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. फ्रँक सिनात्राने गायलं, तोही १९६८ मध्येच, बावन्न वर्षांचा. कॉलिन्सचं आयुष्य वेगळं, सिनात्राचं तर दुसऱ्याच ग्रहावरचं. दोघांनाही ‘मी’ बसली.

म्हणून मला वाटतं, १९६३ ची फीत आणि १९६७ ची फीत यांच्यात एक सरळ धागा आहे, आणि तो ‘बीज ते वृक्ष’ असा नाही. सॅस्काटूनमध्ये ती खाणकामगाराची ‘मी’ उसनी घेऊन गात होती. फिलाडेल्फियात तिने स्वतः एक ‘मी’ शिवली, पण माप लोकगीताचं ठेवलं, कुणालाही घालता येईल असं. पुढे १९७१ च्या ‘ब्लू’मध्ये ती वेगळ्या मापाकडे गेली, जवळजवळ स्वतःच्याच अंगावर बेतलेली गाणी. ती थोर आहेतच. पण ती दुसऱ्याने गायली की मला सारखं वाटत राहतं की हा कपडा कुणाचा तरी आहे. ‘बोथ साइड्स’बद्दल असं कधीच वाटत नाही.

जोनी आयुष्यभर ‘लोकगायिका’ या शब्दावर चिडत आली. मी ती नव्हतेच, असं म्हणायची. आणि चिडण्यात तथ्य होतं, कारण सत्तरीत ती जाझच्या वाटेने जिथे गेली तिथे हा शब्द म्हणजे पायातली बेडी होती. पण २०२० मध्ये हा संच निघाला तेव्हाच्या मुलाखतीत तिने सांगितलं की जुनं ऐकून आपल्या सुरुवातीबद्दलची अढी गेली, आणि खरंच आपण लोकगायिका होतो हे मान्य करावं लागलं. माझ्या मते तिने आपली केस जितकी मांडली त्याहून ती मजबूत आहे. युकुलेलीवर ‘जॉन हार्डी’ गायलं म्हणून ती लोकगायिका ठरत नाही. तेविसाव्या वर्षी अशी ‘मी’ लिहिली म्हणून ठरते.

बोलायचं होतं ते बोललो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग २००० सालची आवृत्ती तुमच्या मते कमी दर्जाची का?)

नाही नाही, तसं अजिबात नाही. ती जबरदस्त आहे. माझं म्हणणं एवढंच की तिने १९६७ ची आवृत्ती रद्द होत नाही. खाणकामगाराचं गाणं म्हातारा खाणकामगार गातो ते एक, आणि एकोणीस वर्षांची मुलगी गाते ते एक. आपण पहिलं ऐकून दुसऱ्याला गप्प बस म्हणत नाही ना? आता ही दोन्ही माणसं योगायोगाने एकच बाई आहेत, एवढाच काय तो फरक.

(श्रोत्यांतून प्रश्न : अशा जुन्या मुद्रणांचा अभ्यासकांना उपयोग आहे, पण खुद्द कलावंताला त्याचं काय?)

चांगला प्रश्न आहे. याला मी मत न देता एक घडलेली गोष्ट सांगतो. २०१५ मध्ये जोनीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. चालणं, बोलणं पुन्हा शिकावं लागलं. २४ जुलै २०२२ ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ती अचानक मंचावर आली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, खुर्चीत बसलेली, भोवती ब्रँडी कार्लाइल आणि बरेच तरुण गायक-वादक. ‘बोथ साइड्स’ गायली. आणि एका गाण्याची चाल नुसत्या गिटारवर वाजवली, उभी राहून. बोटं कुठे ठेवायची हे ती विसरली होती. तिने ते कसं शिकून घेतलं, तर इंटरनेटवर स्वतःचीच जुनी चित्रणं लावून, त्यातल्या त्या मुलीचे हात बघत बघत.